इन्स्पेक्टरकाका आणि मागचं डावं चाक

इन्स्पेक्टरकाकांनी माझ्यादेखत एकाही गोष्टीला कधी 'छान' म्हटलं नाही. त्यांच्याकडे शेरे दोनच होते, 'चालेल' आणि 'नाही चालणार'. पैकी पहिला शेरा इतका दुर्मीळ, की ज्याला तो मिळाला तो माणूस क्राइस्टचर्चच्या मराठी मंडळात पुढे वर्षभर मिरवत असे. माझ्या बायकोच्या, मेघनाच्या श्रीखंडाला एका पाडव्याला 'चालेल' मिळालं होतं. ती ते अजून पाहुण्यांना सांगते. आमच्या घराच्या नशिबात मात्र ते नव्हतं. वास्तुशांतीला काका आले, जेवायला बसण्याआधी सगळ्या दारांच्या फटींत बोट घालून आले आणि भर पंगतीत म्हणाले, "बाथरूमचं दार अडकणार." मी म्हटलं, "काका, नवीन घर आहे." ते म्हणाले, "म्हणूनच." ते दार जूनमध्ये अडकलं, पण हे मी त्यांना अखेरपर्यंत कळू दिलं नाही.

नव्याने आलेल्या लोकांना वाटे, हे गृहस्थ पुण्यात पोलीस खात्यात असणार. तसं काही नव्हतं. भोसरीच्या एका कारखान्यात ते मालाची तपासणी करणारे इन्स्पेक्टर होते. चाळिशी उलटल्यावर न्यूझीलंडला आले आणि हॉर्नबीतल्या एका कंपनीत, शेतांना पाणी देणाऱ्या अजस्र यंत्रांचे सुटे भाग तपासू लागले. म्हणजे देश बदलला, समुद्र ओलांडले, हातातला मायक्रोमीटर तोच. निवृत्त झाल्यावर त्यांची पंचाईत झाली. घरात नापास करण्यासारखं काही उरलं नाही. काकूंचा स्वयंपाक त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात नापास करून पाहिला होता आणि पुढचे काही दिवस स्वतः केला होता, त्यामुळे तो विषय बंद होता. तेव्हा त्यांनी गाडी घेतली.

गाडी म्हणजे एका मेंढपाळाच्या शेडमध्ये गवताच्या गठ्ठ्यांमागे पडलेली, सत्तरच्या दशकातली ऑस्ट्रेलियन गाडी. पुढे आठ सिलिंडरांचं इंजिन, मागे लांबलचक डिकी, दारं फक्त दोन, आणि सुरू केली की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत. मी त्यांच्या शेजारचाच, त्यामुळे हा अनुभव मला तिकीट न काढता मिळे. तरुणपणी चिंचवडच्या रद्दीवाल्याकडे एका परदेशी मासिकात काकांनी या गाडीचा मागून काढलेला फोटो पाहिला होता. त्या फोटोत मागची चाकं जाडजूड, पार मडगार्डच्या कडेपर्यंत आलेली. माणसं तरुणपणी कोणाकोणाचे फोटो जपून ठेवतात. आमच्या काकांनी चाकांचा जपला.

शेडमधून आलेल्या गाडीला मूळची अरुंद चाकं होती. ती काकांनी पहिल्याच आठवड्यात काढून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी केली, आणि ऑस्ट्रेलियाहून रुंद रिमा आणि त्याहून रुंद टायर मागवले. चाकं बसली, गाडी फोटोतल्यासारखी दिसू लागली, काका तिच्या मागे खुर्ची टाकून बसले आणि सबंध दुपार चहा पीत पाहत राहिले. मग संध्याकाळी काकूंना घेऊन फेरी मारायला निघाले. गल्लीच्या टोकाला उजवं वळण आहे. तिथे मागच्या डाव्या चाकाने मडगार्डला जी 'खर्र्र्' केली, ती मी घरात बसून ऐकली.

काकूंनी त्याच दिवशी मागणं मागितलं होतं. "एवढी गाडी घेतलीत, तर टेकापोला घेऊन चला. ते निळं तळं आणि काठावरची जांभळी फुलं एकदा बघायची आहेत मला." काका म्हणाले, "हा आवाज थांबला की लगेच." ते 'लगेच' मग काही वर्षं चाललं.

दोष गाडीच्या जन्माचाच होता. मागचा ॲक्सल कारखान्यातूनच डावीकडे बोटभर सरकलेला आला होता. जुन्या गाड्यांत असं असतं, अरुंद चाकांवर ते कळतही नाही. पण काकांनी ते मोजून काढलं आणि त्या क्षणापासून, पन्नास वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात ही गाडी पास करणाऱ्या अनोळखी इन्स्पेक्टरशी त्यांचं वैर सुरू झालं. "माझ्या हाताखाली असता तर घरी पाठवला असता," ते म्हणत. बिचारा केव्हाच कायमच्या घरी गेला असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

उपाय काय, हे सगळ्यांना माहीत होतं. वाइरेमू नावाचा, दारातच मोठ्याने 'किया ओरा, अंकल' म्हणणारा टायरवाला म्हणाला, "अरुंद टायर टाका, अंकल. स्वीट ॲज, काम फत्ते." दर सहा महिन्यांनी गाडीचं वॉरंट, म्हणजे रस्त्यावर चालवायला लायक असल्याचा दाखला, करून देणारा म्हणाला, अरुंद टायर टाका. मी म्हणालो. मेघना, जिला टायर गोल असतात याच्यापलीकडे काही माहीत नाही, तीही म्हणाली. काका सगळ्यांना एकच उत्तर देत. "हा उपाय नाही. ही शरणागती आहे." वॉरंटच्या दिवशी मात्र ते गुपचूप जुनी चाकं चढवून जात आणि पास होऊन आले की परत रुंद चाकं चढवत. शरणागती दर सहा महिन्यांनी एका सकाळपुरती चालत असे, फक्त तिची वाच्यता करायची नसे.

मग सुरू झाले काकांचे स्वतःचे उपाय. मडगार्डच्या आतली कड वर मुडपली तर टायरला जागा मिळते. इथले लोक त्यासाठी टायर आणि मडगार्डच्या मध्ये एखादा लाकडी दांडका घालतात आणि गाडी हळूहळू पुढेमागे ढकलतात. काकांनी दांडके पाहिले, एकाचाही व्यास सगळीकडे सारखा निघेना. सबंध घरात तपासणीत उतरेल असं एकच गोल लाकूड होतं, काकूंचं सागवानी लाटणं, तेही त्यांच्या आईने दिलेलं. काकू मंडळाच्या भजनाला गेलेल्या असताना काकांनी त्या लाटण्याने मडगार्ड लाटलं. कड मुडपली, रंगाला तडा गेला आणि लाटण्यावर रबराचा काळा पट्टा उमटला. तो घासून निघाला, वास निघाला नाही. पुढचे काही दिवस काकांच्या ताटातल्या पोळ्यांना टायरचा वास येत होता. काकू म्हणाल्या, "ज्याने लाटलं त्यानेच खायच्या. आम्ही ब्रेड खाऊ."

एवढं करून रिकामी गाडी घासेनाशी झाली. काका खुशीत आले, काकूंनी टेकापोसाठी लाडू केले. निघताना त्यांनी मागच्या सीटवर आम्हा दोघांना आणि डिकीत पाण्याचे कॅन, सतरंज्या, कुकर असं सगळं भरलं. मराठी माणूस एका दिवसाच्या सहलीला निघाला तरी त्याला कुकर बरोबर लागतो, हे गाडी बनवणाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं. गाडी मागून बसली आणि पहिल्याच वळणावर खर्र्र्. काकांनी गाडी तिथूनच घरी वळवली. लाडू आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून खाल्ले. "भार धरायचा राहिला," काका म्हणाले, आणि एवढंच बोलून ते गॅरेजमध्ये गेले.

यातून जी पद्धत निघाली तिने मंडळात त्यांचं नाव झालं. रविवारी सकाळी फोन येई, "पोहे खायला या." नवी मंडळी हौसेने जात. काकूंच्या हातचे पोहे होतेच तसे, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. बशी खाली ठेवली की काका विचारत, "वजन किती तुमचं?" बायकांना विचारायची सोय नव्हती, त्यांना ते नुसते डोळ्यांनी जोखत आणि अंदाज कधी चुकत नसे, हे जास्त अपमानाचं होतं. मग माणसं गाडीत बसवली जात. जड माणूस मागे डावीकडे, हलका मध्ये. काकू कायम पुढे, शेजारच्या सीटवर, कारण त्यांचं वजन 'स्थिर' आहे असं काकांचं मत होतं. एकदा पुण्याहून महिन्याभरासाठी आलेले कोणाचे तरी सासरे, चांगले भारदस्त, काकांच्या नजरेला पडले. त्यांना लागोपाठ चार रविवार पोह्यांचं आमंत्रण होतं. जाताना ते गहिवरून म्हणाले, इथली माणसं किती अगत्यशील आहेत.

भार भरला की गाडी जाई कोपऱ्यावरच्या राउंडअबाउटवर, म्हणजे मधल्या गोलाला वळसा घालायच्या चौकात. इथे राउंडअबाउटला देवळासारखी उजवा हात आत ठेवून फेरी घालायची असते, त्यामुळे गाडी सारखी उजवीकडे वळते आणि सगळा भार डाव्या चाकावर येतो. काका प्रदक्षिणा घालत राहत. गाडीत एक कडक नियम होता, कोणीही बोलायचं नाही. खोकायचंही नाही. आवाज ऐकायचा. पोटात पोहे, गोल गोल फिरणं आणि संपूर्ण मौन, असं ते व्रत असे. एकदा पोलिसाची गाडी मागे लागली. पोलिसाने खिडकीतून आतल्या गप्प बसलेल्या कुटुंबांकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "रस्ता चुकलात का, मेट?" काका म्हणाले, "शू! टेस्टिंग."

कुठे घासतंय हे कळावं म्हणून मडगार्डच्या आतल्या कडेला ते काकूंचं कुंकू तेलात कालवून लावत. घासलं की टायरवर लाल पट्टा उमटे. परत आल्यावर तो पट्टा तपासायचं काम काकूंचं, कारण काकांना गुडघ्यांमुळे खाली वाकवत नसे. काकू वाकून बघत, "पुसलंय हो," म्हणत आणि काका पुढच्या उपायाला लागत. त्यांनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला, तर गाडीचा पार्श्वभाग एवढा उंच झाला की काकूंना आत चढायला पाट घ्यावा लागला. पाटा काढला. पुन्हा पोहे.

या सगळ्या वर्षांत काकू त्या गाडीतून कुठेच गेल्या नाहीत. गेल्या त्या वजन म्हणून, राउंडअबाउटपर्यंत. मी अनेकदा म्हटलं, "काकू, आमच्या गाडीतून चला, सकाळी निघून संध्याकाळी परत." त्या म्हणायच्या, "नको रे. आयुष्यभर कंपनीच्या बसने नाहीतर लोकांच्या गाडीतून फिरलो. यांनी हौसेने घेतलेली ही एकच गोष्ट. हिच्यातूनच जायचंय." अशा बाईला काय सांगणार? दोघंही सारखेच हट्टी होते, फक्त काकूंचा हट्ट आवाज करत नसे.

मग काकूंच्या डोळ्यांचं निघालं. पहिल्यांदा त्या डेअरीतून दुधाची बाटली समजून क्रीमची घेऊन आल्या, मग मंडळाच्या पत्रकातल्या ओळी वाकड्या छापल्यात म्हणून तक्रार करू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग जाणार. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसट होत जाईल. इंजेक्शनं देऊन वेग कमी करता येईल, थांबवता येणार नाही. काकूंनी ते आम्हाला पोहे वाढता वाढता सांगितलं. पुढे एवढंच म्हणाल्या, "टेकापोचं तेवढं आता लवकर बघायला हवं." काका बशीत बघत म्हणाले, "झालंच आहे जवळजवळ. मडगार्डला अजून एक सूत वाव काढला की निघू."

मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. इतकी वर्षं त्यांच्या चाकाला हसत होतो, तोवर ठीक होतं. आता हसू येईना. मी म्हटलं, "काका, सूतभर वाव निघेपर्यंत काकूंना तळं दिसायचं राहणार नाही." मेघनाने माझा हात दाबला. काका उठून गॅरेजमध्ये गेले आणि पुढच्या रविवारी, काही घडलंच नाही अशा थाटात, फोन आला की पोहे खायला या.

जायचं नाही असं ठरवूनही गेलो, काकूंसाठी. प्रदक्षिणा झाल्या. आवाज आला का नाही, यावर गाडीतून उतरताना दोन मतं पडली. काकांनी नेहमीसारखी बॅटरी काकूंच्या हातात दिली. काकू वाकल्या. बॅटरीचा झोत टायरवर होता आणि त्या झोतात, अगदी त्यांच्या नाकासमोर, हातभर लांब लाल पट्टा उमटला होता. आम्हाला सगळ्यांना उभ्या जागेवरून दिसत होता. काकू बघत राहिल्या. मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली. मग वर न बघता म्हणाल्या, "कुंकू लावायला विसरलात का हो आज?"

काका गुडघे धरून सावकाश खाली बसले, टायरवरून अंगठा फिरवला, लाल झालेला अंगठा पँटला पुसला. म्हणाले, "हो. विसरलो." आणि काकूंना हात देऊन उठवलं. खरं तर त्या दोघांपैकी उठायला आधार काकांनाच लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तर काकांची गाडी जॅकवर. रुंद चाकं भिंतीला टेकवलेली, आणि काका ती जुनी, अरुंद चाकं चढवून पाना फिरवत होते. वॉरंटची वेळ नव्हती. मी कुंपणापाशी थांबलो. "काका, शरणागती?" जीभ आवरली नाही माझी. त्यांनी पाना फिरवायचा थांबवला नाही. "गाडी मागून कशी दिसते, ते आत बसणाऱ्याला दिसत नाही," ते म्हणाले. "उगाच एवढी वर्षं घालवली."

जॅकवरून उतरलेली गाडी केविलवाणी दिसत होती. एखाद्या पैलवानाने लहान मुलाच्या चपला घालाव्यात तशी. काकू लाडवांचा डबा घेऊन बाहेर आल्या, ठेवणीतली साडी आणि वर जाड जॅकेट, आणि पुढच्या सीटवर बसल्या. मी सवयीने विचारलं, "मागे बसायला येऊ का?" काका म्हणाले, "नको. आज भार नकोय." गाडी गल्लीच्या टोकाला गेली, उजवीकडे वळली, आणि मी कान देऊन उभा राहिलो. इंजिनाशिवाय कसलाही आवाज आला नाही.

परतल्यावर मी विचारलं, "कशी झाली सहल?" काकांनी विचार केला आणि म्हणाले, "चालेल." त्यानंतर त्यांनी रुंद चाकं पुन्हा चढवली नाहीत. ते दोघं त्या वर्षी अकरोआला गेले, कायकोराला गेले, एकदा नुसते बॉटनिकल गार्डनला जाऊन आले. पोह्यांची आमंत्रणं थांबली, आणि मंडळातल्या लोकांची वजनं कोणी विचारेना, तेव्हा त्यांना चुकल्यासारखं वाटू लागलं. पुढच्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी चहा पिता पिता, हृदयविकाराने. गाडी रोलस्टनच्या एका हौशी माणसाने नेली. इन्स्पेक्टरकाका माझे कोणी लागत नव्हते, पण गॅरेजचं दार बंद दिसलं की अजूनही मला घरात जावंसं वाटत नाही.

काकूंना डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी आता मी नेतो. समोरचं त्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही, माणूस त्या आवाजावरून ओळखतात. परवा दवाखान्यातून परत येताना, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काकू, टेकापोचा रंग खरंच फोटोत असतो तसा आहे?"

त्या हसल्या. "मला काय माहीत?"

"म्हणजे? बघितलंत ना तुम्ही?"

"तळ्यापाशी होतो आम्ही दोन-तीन तास. निळं होतं बाबा, असेल तसंच." मग खिडकीकडे तोंड वळवून म्हणाल्या, "अरे, जाताना सबंध रस्ताभर हे गुणगुणत होते. भसाड्या आवाजात, चाल सोडून. इतक्या वर्षांत हे गाडी चालवताना गुणगुणतात हे मला माहीतच नव्हतं, कधी बोलूच दिलं नाही ना कोणाला. मी आपली डोळ्यांच्या कडेने बघत राहिले यांच्याकडे. गालांवर सुरकुत्या पडत होत्या, मिशी हलत होती. हे म्हणाले, अगं, डोंगर बघ, बर्फ बघ, मी काय पळून चाललोय? म्हटलं, तुम्ही गाडी चालवा. डोळे माझे आहेत, काय बघायचं ते मी बघेन."